टकटक सुटेपर्यंत

राजिवड्याच्या जैनुद्दीन मजगावकरांनी उभं आयुष्य बोटींवर तारायंत्र बडवण्यात घालवलं, आणि १९५४ साली ते घरी परतले ते तोच उद्योग फुकट करण्यासाठी. सरकारी परवाना काढून त्यांनी युद्धातलं मोडीत निघालेलं यंत्र पडवीच्या खोलीत मांडलं आणि परसातल्या दोन माडांमध्ये तांब्याची तार ताणली. दिवेलागणीला हेडफोन लावून ते बसत आणि खटका दाबत, टकटक करत, जगातल्या कुणा अनोळखी माणसाला रत्नागिरीची हवा कळवत. तोही आपली हवा कळवी. छंद एवढाच.

त्या वर्षी जाळ्यांना बांगडा लागला नाही, तो तारेमुळे. मालवणातही लागला नव्हता; पण तिथे यंत्र नसल्यामुळे लोकांना नशिबाला बोल लावावा लागला.

अशात थोरली मुलगी कुलसुम बाळंतपणासाठी माहेरी आली. पहिलं मूल सासरी मेलेलंच जन्मलं होतं. येसूबाई सुईण तिला तपासायला आली आणि पडवीतून येणारी टकटक ऐकून तिथेच थबकली.

"ह्ये वाजता तवर ग्रहान समज," ती म्हणाली. "सरळ उताणी पडून ऱ्हायचा. कूस बदलायची नाय, पाय मुडपायचा नाय, पानी नाय."

ग्रहण दोन्ही धर्मांच्या पोटुशा बायकांना सारखंच पाळावं लागे. या एका बाबतीत राजिवड्यात मतभेद नव्हता. तरी कुलसुमने बापाला विचारून पाहिलं.

"अब्बा, त्या लहरी अंगातून जातात?"

"अगो, सगळ्यांच्याच जातात," जैनुद्दीन प्रेमाने म्हणाले. "आता या घडीला मुंबईच्या रेडिओवरची गाणी तुझ्या अंगातून आरपार चालली आहेत. कळतंय काही?"

"आणि बाळाच्या?"

"बाळाच्याही."

मुलीची समजूत पटली असं त्यांना वाटलं. कुलसुम त्यानंतर नीट झोपलीच नाही. यापुढे त्यांना काही विचारायचं नाही, असं मायलेकींनी ठरवून टाकलं. संध्याकाळी टकटक सुरू झाली की ती चटईवर सरळ पडे, दोन्ही हात पोटावर झाकणासारखे ठेवून, आणि थांबली की आई, मैमुना, बाहेरून सांगे, "सुटलं गो." मग ती पाणी पिई.

एका संध्याकाळी जैनुद्दीनना न्यूझीलंडचा एक मेंढपाळ सापडला. इतक्या लांबचं माणूस प्रथमच हाताला लागलं होतं. कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून त्यांनी दाराला कडी घातली आणि मेंढरांची चौकशी सुरू केली. त्याच सुमाराला माजघरात कुलसुमला कळा सुरू झाल्या.

येसूबाई धावत आली. "कुशीवर हो. पाय वर घे."

कुलसुम हलेना. दात आवळून ती आढ्याकडे पाहत होती. घामाने चटई भिजली.

"टकटक चाललीय," ती पुटपुटली.

"चालूंदे! मी सांगतंय ना!"

"तूच सांगितलंस, हलायचं नाय."

येसूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आपला शब्द इतका पाळला जाण्याची तिला सवय नव्हती. तिने गुडघे धरून वाकवायला पाहिलं, तर ते लाकडासारखे ताठ. "मैमुनाबी, ता बंद कर," ती हलक्या आवाजात म्हणाली, "नायतर दोगांपैकी कोन ऱ्हातला सांगवत नाय."

मैमुनाने दारावर धक्के मारले. हेडफोनच्या आत न्यूझीलंड होतं, त्यामुळे बायकोचा आवाज पोचला नाही. ती परसात गेली. तारेला हात लावणारा जागच्या जागी जळतो, असं तिने ऐकलं होतं आणि तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता. तिने कोयता उचलला, डोळे मिटले आणि माडाच्या बुंध्याला बांधलेली तारेची दोरी तोडली. तार सळसळत अंगणात येऊन पडली. मैमुना जिवंत होती.

आणि टकटक चालूच होती.

तार पडल्याने मेंढपाळ गप्प झाला होता एवढंच. तो दूर सरला असेल असं समजून जैनुद्दीन त्याला पुन्हा पुन्हा हाका मारत होते. आधीपेक्षा जोरात, आधीपेक्षा घाईने. माजघरात कुलसुमने तो वाढलेला वेग ऐकला आणि श्वाससुद्धा आवरून धरला.

खिडकीची फळी फुटली तेव्हा जैनुद्दीननी मान वळवली. बाहेर बायको होती, हातात कोयता. त्यांनी हेडफोन काढला, तेव्हा कुठे येसूबाईचं ओरडणं त्यांना ऐकू आलं.

ते माजघराच्या दाराशी धावले. आता घरात कसलाच आवाज नव्हता, तरी कुलसुम तशीच पडून होती.

"सांग तिला," धापा टाकत मैमुना म्हणाली. "यंत्र तुझं; पुन्हा वाजणार नाय हे तिला तुझ्याच तोंडून पटेल. सांगितल्याशिवाय ती हलायची नाय."

"काय सांगू?"

"सुटलं म्हण!"

लहरींचा मुलांशी काही संबंध नसतो, हे जैनुद्दीन त्या क्षणीही जाणून होते. तरी ते असे ओरडले, की मशिदीपाशी बसलेले लोक उठून उभे राहिले.

"सुटलं गो बाय! सुटलं!"

कुलसुमने गुडघे मुडपले.

मुलगी झाली, निळसर. ती रडेना. येसूबाई तिला चोळत होती, उलटी धरून थोपटत होती; आणि जैनुद्दीन दाराबाहेर उकिडवे बसून, उजव्या हाताची बोटं डाव्या मुठीत घट्ट धरून, आतून काही ऐकू येतंय का याकडे कान लावून होते. इतकं जीव लावून त्यांनी न्यूझीलंडही ऐकलं नव्हतं. शेवटी एक बारीक, चिरका आवाज आला.

तिचं नाव रझिया ठेवलं. पुढे तार पुन्हा चढली. लहरींनी कुणाला काही होत नाही, हे जैनुद्दीन येणाऱ्याजाणाऱ्याला सोदाहरण पटवून देत. फक्त रझिया आजोळी आली की यंत्रावर चादर पडे, आणि इतर दिवशी काम आटोपलं की परसात कुणी असो वा नसो, ते खिडकीतून तोंड बाहेर काढून म्हणत, "सुटलं."