उष्णता बघणारी दुर्बीण आणि आमचे हे

आमचे हे चाकणच्या एका कंपनीत भट्टीवर होते. लोखंडाचे भाग लाल तापवायचे आणि तेलात बुडवायचे. जन्मभर घाम पुसला, आणि शेवटच्या आजारपणात मात्र सारखी थंडी. भर वैशाखात म्हणायचे, "अगं, अजून एक टाक." मी आपली टाकायची. कंपनीच्या जुन्या शर्टांची शिवलेली गोधडी, तिच्यावर दुसरी, पायाशी गरम पाण्याची पिशवी. दापोडीतली आमची पत्र्याची खोली, मला नुसत्या घामाच्या धारा!

नात ताथवड्याला इंजिनिअरिंगला. रविवारी यायची आणि आजोबांना मोबाइलवर अवकाशातल्या दुर्बिणीचे फोटो दाखवायची.

"आजोबा, ही इन्फ्रारेड दुर्बीण. आपल्या डोळ्यांना न दिसणारा उष्णतेचा प्रकाश हिला दिसतो. धुळीच्या ढगाआड नवे तारे तयार होतात ना, तेसुद्धा."

"म्हणजे आकाशातल्या भट्ट्याच की!" हे खूश.

"हो, पण तिला स्वतःला गार राहावं लागतं. म्हणून सूर्याच्या बाजूला पडदे लावलेत. ती तापली तर तिचीच उष्णता मध्ये येते, बाकीचं दिसत नाही."

"तुझ्या आजीसारखंच. तापली की समोरचं काही दिसत नाही तिला."

किती दिवसांनी हे हसले होते, काय सांगू! मी खोटं खोटं रागावले. जाताना नात म्हणाली, पुढच्या रविवारी नवा फोटो आणते. मग आठवडाभर यांचं एकच, "रविवार कधी गं?" डॉक्टरांनी तर हात टेकले होते. मला वाटायचं, देवा, एवढा रविवार दाखव यांना.

रविवारी सकाळी यांनी दोन घोट पेज घेतली आणि डोळे मिटले. मी पिशवीतलं पाणी बदललं, गोधडीत हात घालून पाय चोळत बसले. पाय चांगले गरम. मी आपली बोलतेय, बस चुकली असेल हो तिची, येईलच आता.

नात आली, मोबाइल हातात घेऊनच जवळ बसली. यांच्या नाकाशी बोट धरलं, मानेला हात लावला. मग गोधडीबाहेरचा यांचा हात उचलून माझ्या हातात दिला. गार.

"अगं, पाय गरम आहेत त्यांचे," मी म्हटलं.

"आजी, ती पिशवीची ऊब आहे गं."

शेजारच्या बायका आल्या, गोधड्या काढायला लागल्या. मी म्हटलं, थांबा जरा. नातीला म्हटलं, दाखव त्यांना, काय आणलंयस ते.

तिनं रडत रडत मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "हे बघा, आजोबा," म्हणाली आणि सगळं समजावून सांगितलं. मी काही तो फोटो पाहिला नाही. मी यांच्या तोंडाकडेच बघत होते.