बाबांचा हुंकारा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमच्या आर्णीत कोणी 'अमक्या विहिरीवर बाई दिसली' म्हटलं की मी तोंडावर हसायची. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

मी प्रोग्रामर. पुण्यात होते, बाबांना लकवा मारला तेव्हा काम घेऊन आर्णीला परत आले. आई लहानपणीच गेलेली, भावंडं नाहीत. गावाबाहेर दोन खोल्यांचं घर, मागे पराटी, म्हणजे कपाशीचं शेत, त्यात तुरीच्या ओळी. माझं काम फार खालच्या थरातलं – एक कोड लायब्ररी, जी मजकुरातून आकडे ओळखते. तुम्ही कुठंतरी '४५' टाइप करता, ती नुसती अक्षरं असतात. त्यांचा खरा आकडा करून देणारं एक यंत्र म्हणा. कोणाला दिसत नाही, बिघडलं की मात्र सगळे बोंबलतात.

बाबा लहानपणी मला गोष्टी सांगायचे आणि प्रत्येक वाक्याला हुंकारा मागायचे. मी गप्प झाले की थांबायचे. "हूं म्हण नं वं, नाहीतर राजा तिथंच उभा राहीन!" लकव्यानंतर त्यांची वाचा गेली. 'हूं' तेवढं उरलं. डॉक्टर म्हणाले, सतत बोलत राहा त्यांच्याशी. आता रोज रोज काय बोलणार? मी कोडच वाचून दाखवायला लागले. एक ओळ वाचायची, ती काय करते ते सांगायचं, खाटेवरून 'हूं' आलं की पुढची. त्यांना ओ का ठो कळायचं नाही. पण कधी चुकले नाहीत.

दिवाळीनंतर बाबा गेले. पाहुणे आले, गेले. मग घर असं रिकामं झालं की गॅसवर दूध उतू गेलं तरी कोणी ओरडायला नाही. शेजारच्या मायाकाकू कुंपणावरून म्हणायच्या, "एकटी काय करून राह्यली वं घरात? पुण्याले जाय नं परत." मी म्हणायची, जाईन. जायचं कोणाकडे, हे काही त्या सांगत नव्हत्या.

अशात ती तक्रार आली. कुठल्यातरी गावात पाण्याचे मीटर एकदम उणे आकडा दाखवत होते आणि बोट माझ्या कोडकडे होतं. माझ्या मशीनवर सगळं ठीक चालत होतं, म्हणून मी प्रणवशी भांडलेसुद्धा. प्रणव म्हणजे माझा सहकारी, नाशिकचा. प्रत्यक्ष कधी भेटलेलो नाही, फोनवरचाच. घरचं मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं.

एका दुपारी वैतागून मी ती फाइल मोठ्यानं वाचायला घेतली. सवय, दुसरं काय. पहिली ओळ वाचली, समजावली...

"हूं."

मागून. खाट होती तिथून. खाट तर मी केव्हाच उभी करून ठेवली होती. मी वळून पाहिलं – कोणी नाही. बाहेर जाऊन आले, पराटीत चिटपाखरू नाही. पुन्हा बसले, दुसरी ओळ वाचली. हूं. तिसरी. हूं. भीती वाटली नाही हो, खरंच सांगते. पुढची ओळ वाचायला घेतली.

मधल्या एका ओळीला हुंकारा आला नाही. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा तिथंच गप्प. तेव्हा मी ती ओळ नीट पाहिली. आकडा वाढत गेला की तो ठेवायची जागा भरते आणि आकडा उलटून उणे होतो. जागा उरली का, हे मी पुढचा अंक टाकल्यानंतर तपासत होते. तपासायला हवं टाकायच्या आधी. कोडचं भाषांतर करणारा कंपायलर काही मशीनवर 'ही तपासणी कायले पाहिजे' म्हणून ती काढूनच टाकत होता. चूक माझीच होती.

दुरुस्ती दहा मिनिटांची. मी केली नाही. गोष्ट पुढे गेली की संपेल, एवढंच डोक्यात होतं. रोज दुपारी मी ती चुकलेली फाइल काढायची, वाचायची, त्या ओळीपर्यंत बाबा असायचे. प्रणवला लिहायची, 'अजून बघतेय'.

शेवटी त्याचाच फोन आला. "ताई, लोक फार चिडलेत. आपण दोघं मिळून बसू या का? तुम्ही वाचा, मी ऐकतो." नाही कशी म्हणू? ओळ बदलली आणि वाचायला लागले. ती जागा आली. मी वाचलं, समजावलं आणि थांबले.

"हूं."

मग एकही ओळ चुकली नाही, पार शेवटपर्यंत. मी दुरुस्ती पाठवून दिली. प्रणव हसत म्हणाला, "ताई, मागे कोण आहे? मघापासून हूं-हूं करतायत. त्यांना कळतं का यातलं?"

म्हटलं, "बाबा आहेत. काही कळत नाही त्यांना."

मीटर सुरळीत झाले. त्यानंतर मी दुसऱ्या फायली वाचल्या, तीच पुन्हा वाचली, चुकीची ओळ मुद्दाम परत घालून वाचली. काही नाही. मनाचा भास म्हणावं, तर नाशिकच्या माणसाला तो कसा झाला? शोधायचं मी सोडलं.

प्रणवला मी अजून खरं सांगितलेलं नाही. फोन ठेवताना तो हटकून विचारतो, "बाबा बरे आहेत ना?" मी म्हणते, "बरे आहेत." सध्या त्यांची विचारपूस करणारा तो एकटाच आहे.