पुस्तकाबाहेरची पेटी

विश्रामबागेत मी गेली वीस वर्षं हार्मोनियम शिकवते. माझ्या क्लासचा परीक्षेचा निकाल चांगला लागतो, म्हणून पालक मुलं पाठवतात. एक मुलगी सलग तिसरी परीक्षा पहिल्या श्रेणीत पास झाली, तेव्हा तिचे वडील पेढे घेऊन आले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, विट्याजवळच्या गावचा. म्हणाले, "म्याडम, गुरवारी आमच्या देवळात भजन हाय. पेटीवाला आजारी हाय, हिला बसवतो. तुमी बी या."

मी विचार न करता हो म्हटलं.

देवळात मुलीनं पाठ ताठ केली आणि सुरू केलं, "राग भूप. थाट कल्याण. वादी गंधार..." परीक्षकासमोर वाजवण्याआधी हे सांगावं लागतं. तिला वाटलं, सगळीकडेच सांगतात.

"आगं पोरी, पाढं म्हणतीस व्हय?" पखवाजवाले आजोबा म्हणाले. "वाजव की!"

भजन म्हणणाऱ्या बुवांनी अभंग भलत्याच पट्टीत उचलला. ती कायम काळी एक या एकाच पट्टीत वाजवत आलेली. दोन ओळींत बोटं थांबली, नुसता भाता हलत राहिला. मी पेटी पुढ्यात ओढली. मला सूर सापडेपर्यंत अर्धा अभंग संपला होता.

परतताना गाडीत वडील म्हणाले, "तीन वर्सं झाली आन् एक भजन येईना. बंद करू या."

"तीन महिने थांबा," मी म्हटलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

मग दर गुरुवारी आम्ही दोघी वडिलांच्या गाडीतून गावी जायला लागलो. बुवा कुठल्या पट्टीत गातात, हे मी आजोबांना विचारलं.

"आवं, त्यांस्नी तरी कुठं ठावं हाय? तोंड उघडलं की कळतं."

सुरुवातीला आम्ही न वाजवता नुसता बुवांचा सा शोधायचो. क्लासमध्ये मी पुस्तक मिटलं. ती मनाला येईल त्या पट्टीत गुणगुणायची, मी पेटीवर सूर शोधायचे, मग उलट. तिच्यासमोर चुकायला मला अजिबात आवडायचं नाही. इतर पालक परीक्षेच्या फॉर्मचं विचारायचे, मी विषय टाळायचे.

तिसऱ्या महिन्यात बुवांनी अभंग उचलला आणि ती न वाजवता ऐकत राहिली. एक ओळ गेली, दुसरी गेली. आजोबा डोळे वटारायला लागले. मी पेटीकडे हात नेला, तर तिनं तो कोपरानं ढकलला. एक सूर दाबला, चुकला. दुसरा दाबला. बुवा न थांबता पुढे गेले, ती त्यांच्या मागोमाग.

नंतर वडील चपला घालत म्हणाले, "बुवा पुढच्या गुरवारी हिलाच बसवा म्हणत्यात."

"आणि परीक्षेचा फॉर्म?"

"तिला इचारा."

"यंदा नको," ती म्हणाली.

वडिलांनी मान डोलावली. क्लास चालू राहणार, हे ठरलं. मला मात्र गाडीत स्वस्थ बसवेना. उरलेली एकोणीस मुलंही एकाच पट्टीत वाजवतात. त्यांच्या पालकांशी सोमवारी सकाळी याबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात कशी करावी ते अजून सुचलेलं नाही.