एका लॉगिनचे तीन धनी

ती घटना आजही आठवते. खरं तर ती विसरायचा मी बराच प्रयत्न केला आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मी पोलीस डिटेक्टिव्ह होतो, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एका दुपारी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या यंत्रांची सेटिंग्ज कुणीतरी पुसली आणि निम्म्या कौंटीतून आणीबाणीचा फोन लागेना. पाऊण तास तसाच गेला. कुणी दगावलं नाही, हे नशीब.

टेलिफोन कंपनीच्या सुरक्षा विभागानं आम्हाला एकच नाव कळवलं. यंत्राच्या नोंदीत ज्याचं लॉगिन होतं, तो नागपूरकडचा, वर्क व्हिसावर आलेला इंजिनिअर. सहकारी म्हणाले, तुझ्या भाषेचा आहे, चौकशीला तूच बस. मला त्या बोलण्याचा अभिमान वाटला, हे लिहितानाही लाज वाटते.

गप्प राहायचा, वकील घ्यायचा, असे त्याचे हक्क नियमाप्रमाणे मी इंग्रजीत वाचून दाखवले. वकील घ्यावा का, असं त्यानं चाचरत विचारलं. मी मराठीवर आलो.

"वकील कशाला? मी आहे ना. काका समज आणि सांगून टाक."

तो भडाभडा बोलला. "काका, त्या वेळी मी मुलीच्या स्कूलमध्ये होतो. पण माझा पासवर्ड अजून दोघांकडे आहे. नवीन माणसाचं अकाउंट अप्रूव्ह व्हायला तीन वीक लागतात, तोवर काम कोण करणार? म्हणून मीच शेअर केला. प्लीज, कंपनीला सांगू नका. जॉब गेला तर व्हिसा जाईल."

"बरं," मी म्हणालो.

तिथंच केस उलगडली. शाळेच्या नोंदवहीत त्याची त्या वेळची सही मिळाली. त्या दोघांपैकी एकाला महिन्यापूर्वी कामावरून काढलं होतं. कंपनीनं त्याचा बिल्ला काढून घेतला, पण हा पासवर्ड त्याच्याकडे आहे, हे वरच्या कुणाला ठाऊकच नव्हतं. उचलल्यावर त्यानं दोन तासांत कबुली दिली.

अहवालात मी सगळं लिहिलं, पासवर्ड कुणी दिला हेही. ते लिहिणं माझं कामच होतं. "बरं" म्हणणं नव्हतं. प्रत कंपनीकडे गेली आणि पासवर्ड वाटल्याबद्दल त्याला काढून टाकलं. व्हिसाच्या नियमानं साठ दिवसांत नवी नोकरी मिळवायची, नाहीतर परत जायचं. ती मिळाली नाही.

जप्त केलेला लॅपटॉप न्यायला तो पोलीस ठाण्यात आला. पावतीवर सही करता करता त्यानं विचारलं, "काका, लॉयर घेतला असता तर जॉब वाचला असता का?"

"बहुतेक हो. पासवर्डचं त्यानं तुला बोलूच दिलं नसतं."

त्यानं मान हलवली. चार्जर राहिलाय, एवढंच म्हणाला. मी आत जाऊन तो आणून दिला.

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्याच्या नावानं आत शिरला म्हणून मी एकाला तुरुंगात धाडलं. काका म्हणवून घेऊन मीही तसाच शिरलो होतो. मला मात्र प्रशस्तिपत्र मिळालं.