शिवणीतलं राखीव कापड

आमचे मामा शिंपी. आयुष्यभर लोकांच्या कंबरा मोजल्या, पण स्वतःच्या कंबरेला कधी टेप लावली नाही. त्यांची पँट लग्नात दुसऱ्या शिंप्याने घेतलेल्या मापावरच बेतली जायची; तेव्हाही मामा गोलमटोलच होते.

साखरेचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी खाणं आवरायला, चालायला आणि वजनं उचलायला सांगितलं. मामा हट्टाला पेटले. गोड तोडलं, रोज चालू लागले, दुकानातली कोळशाची जड इस्त्री सकाळ-संध्याकाळ खांद्यापर्यंत उचलू लागले. वर्षं गेली. साखर उतरली, पण वजनकाटा जेमतेम हलला.

"अहो, काटा ढिम्म आहे. कशाला एवढा आटापिटा?" मामी म्हणायची.

"काट्याला काय अक्कल आहे?" मामा खेकसायचे. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की चरबी घटली आणि स्नायू भरले, तर काट्याला फरक कळत नाही. पँट सैल व्हायची तेव्हा मात्र मामा पट्टा आवळायचे आणि कापडच ताणलं म्हणून त्याला शिव्या घालायचे.

परवा त्यांनी नवी पँट शिवली, जुन्याच मापावर. घालून आरशाकडे वळले, तर ती घसरून थेट गुडघ्यावर. मामी हसून हसून बेजार. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला टेप लावली, आकडा वाचला आणि गुपचूप मशीनवर बसले.

कंबर आत घेतल्यावर शिवणीत बरंच कापड उरलं. "राहू द्या आत," मामी म्हणाली, "गिऱ्हाइकांचं राखता तसंच. पुन्हा सुटलात तर उसवता येईल."

मामांनी कात्री उचलली आणि ते सगळं कापड कापून टाकलं.