बिशपसाहेबांचे निरोप आणि रेमेतबायचा मसाला

रेमेतबाय ठाण्याच्या तलावामागच्या ख्रिस्ती वाड्यात राहायच्या आणि घरोघरी मसाला कुटून द्यायच्या. एप्रिल-मेमध्ये त्यांचं मुसळ सुरू झालं की आमच्या शाळेतली पोरंही शिंकायची. मिरच्या, धणे, तीळ, खसखस, गहू, चणे असं सगळं भाजून, कुटून, काठीने ठासून बियरच्या काळ्या बाटल्यांत भरायचं. एक बाटली एका घराला महिनाभर जाई, म्हणजे वर्षाच्या बारा. त्यामुळे कुणाचा मुलगा आफ्रिकेला निघाला, कुणाच्या घरी सून येणार, कुठलं म्हातारं पावसाळा काढणार नाही, हे रेमेतबायना बाटल्यांच्या मागणीवरून वाड्यात सर्वांच्या आधी कळे. त्या बोलत मात्र नसत. बाटल्या तेवढ्या पोचवत.

त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बिशपचा बंगला.

बिशप फेरहाखन बेल्जियमचे. १९१९ साली बोटीतून उतरले, तीन चर्चं आणि दोन शाळा बांधल्या, आणि तीस वर्षांत मराठीची दोन वाक्यं शिकले. एक, ‘उद्या या’. दुसरं, ‘अजून थोडा रस्सा’. सत्तेचाळीस साली राज्य बदललं, तेव्हा साहेबांनी दिवाणखान्यातली राजाची तसबीर उतरवली. भिंतीवर चौकोनी डाग उघडा पडला. तिथे काय लावावं याचा आठवडाभर विचार झाला, आणि साहेबांनी स्वतःचा फोटो लावला. मापाला अगदी बरोबर बसला.

मग त्यांनी जाहीर केलं, “हा देश आता तुमचा. चर्चही तुमचं. मी निघालो.”

जाताना लोकांशी त्यांच्या भाषेत बोलावं अशी त्यांची इच्छा होती, म्हणून टेंभी नाक्याजवळच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या मला बंगल्यावरून बोलावणं आलं. आठवड्यातून दोन दिवस मी त्यांना निरोपाचं भाषण शिकवत असे. विद्यार्थी मेहनती होता. ‘माझे अंतःकरण भरून आले आहे’ हे वाक्य त्यांनी चाळीस वेळा म्हटलं. एकदा मला विचारलं, “मास्तर, अश्रू इथे की पुढच्या वाक्याला?”

मी म्हटलं, “पुढच्या. तिथे श्वास घ्यायला जागा आहे.”

पहिला निरोप १९४९च्या ईस्टरनंतर झाला. कमान उभारली, बँड आला, मानपत्र वाचलं, साहेबांनी ठरल्या वाक्याला अश्रू काढले आणि सारा वाडा हुंदके देऊ लागला. ट्रंका कडुलिंबाचा पाला घालून बांधलेल्या होत्या. आठ दिवसांनी साहेब म्हणाले, “इतकं प्रेम तोडून मी कसा जाऊ?” ट्रंका सोडल्या. पाला बकऱ्यांनी खाल्ला.

पुढच्या वर्षी पुन्हा ईस्टर, पुन्हा कमान. आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. मी मानपत्रात फक्त साल बदलत असे. वाड्यातल्या पोरांनी साहेबांचं नाव ‘निघालेबाबा’ पाडलं होतं.

सगळे हसत होते. रेमेतबाय हसत नव्हत्या, कारण साहेबांच्या जागी बसणार होते रेमेतबायचेच चिरंजीव, फादर जेरोम. नाव रोमला कळवून झालं होतं. साहेबांच्या राजीनाम्यावर सही व्हायची तेवढी बाकी होती. फादर जेरोम पन्नाशी ओलांडलेले, फार सज्जन. बिशपच्या मागून तीन पावलं चालायची त्यांना इतकी सवय झाली होती, की एकटे असले तरी पुढे तेवढी जागा सोडून चालत. त्यांना घाई नव्हती. घाई होती आईच्या डोळ्यांना. दोन्हींत मोतीबिंदू होता. उजवा गेलाच होता, डावा दर वर्षी थोडा थोडा जात होता, आणि त्यात सुरी घालायला त्या कुणालाही तयार नव्हत्या.

“हाय तेवरा पन जायचा,” त्या म्हणत. “मास्तर, माझ्या जेरोमला ती उंच टोपी घातलेली माना माझ्या डोल्यांनी बगायचीय. लोकांनी सांगून नाय.”

चौथ्या निरोपानंतर मी म्हणालो, “यंदा साहेब नक्की जाणार म्हणतात.”

“बाटल्या किती सांगितल्यान?”

“ते मला काय ठाऊक?”

“माना ठाऊक हाय. बारा. जानारा मानूस बारा बाटल्या सांगंल?”

खरंच की. चार वर्षं मी साहेबांच्या अश्रूंवर विश्वास ठेवला होता. रेमेतबायनी एकदाही ठेवला नव्हता, आणि तरीही दर मे महिन्यात बारा बाटल्या कुटून दिल्या होत्या. बिशपला नाही कसं म्हणायचं? असं वाड्यात आजवर कुणी केलं नव्हतं.

१९५३चा पाचवा निरोप सर्वांत हृद्य झाला. कमानीच्या बांबूंना वाळवी लागली होती, म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवली. दुसऱ्याच आठवड्यात बंगल्याचा खानसामा पेद्रू बाटल्यांची मागणी घेऊन वाड्यात आला. मी तिथेच होतो.

“बारा,” पेद्रू म्हणाला.

“यक देईन,” रेमेतबाय म्हणाल्या.

“अगं बाय, चेष्टा करतेस काय? वर्षभर साहेबाला काय घालू?”

“साहेब चाललाय ना? सगल्यांच्या म्होरं रडला. बोटीत यक महिना जातो. यक बाटली पुरं.”

“दारूबंदीत बाटल्या मिळत नाहीत म्हणून सांगू?”

“खोटा कनाला सांगतं? बाटल्या ढीगभर हायत. सांग, रेमेतनी वाटेपुरता दिलाय.”

पेद्रू ती एक बाटली न घेताच गेला आणि त्याने बाजारातला मसाला आणला. एक आठवडा साहेबांनी निमूट खाल्लं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पेद्रूला विचारलं की रस्सा आजारी आहे का. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतः गाडी वाड्यात आणली. जून लागला होता, चिखल होता, पांढरा झगा उचलून ते उंबऱ्याशी उभे राहिले. मला बरोबर घेतलं होतं दुभाषा म्हणून, पण माझी गरज लागली नाही.

“रेमेत, मसाला,” साहेब म्हणाले.

रेमेतबायनी गुडघे टेकून अंगठीला ओठ लावले. रिवाज मोडला नाही. मग उठून फडताळातून एक बाटली काढली, कोरी, लाख लावलेली, आणि त्यांच्या हातात दिली.

“साहेब, तुमी जाताना सगला वाडा रडतो. पाच वर्सं रडला. आता माझे डोले रडायच्या पन कामाचे ऱ्हायले नाय.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर करण्यासाठी तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी हात वर केला. त्यांना समजलं होतं. एवढ्या वर्षांत मराठीचं तिसरं वाक्य त्यांना समजलं, आणि ते मी शिकवलेलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये ते गेले. पावसामुळे कमान नाही, बँड नाही, भाषण नाही. स्टेशनवर पेद्रू, फादर जेरोम आणि मी. साहेबांनी बाटली ट्रंकेत ठेवली नव्हती, काखेत धरली होती. गाडी सुटली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी वाक्य कुठलंच चालू नव्हतं.

डिसेंबरात फादर जेरोम बिशप झाले. रेमेतबाय पहिल्या बाकावर, नवं लुगडं नेसून, कानांत सोनं घालून बसल्या. समारंभ तीन तास चालला. एवढ्या दुरून त्यांना काय दिसलं ते देव जाणे. उंच, पांढरं काहीतरी हलत होतं, एवढंच दिसलं असावं.

शेवटी नवे बिशप खाली आले आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी आईपुढे अंगठीचा हात केला. तो हात, सांगायला वाईट वाटतं, अगदी फेरहाखनसाहेबांसारखा पुढे आला होता. तीच ढिली बोटं, तीच सवय. रेमेतबायनी तो धरला. ओठांऐवजी डाव्या डोळ्याशी नेला, जवळ, आणखी जवळ, उजेडाकडे वळवला, उलटा करून पाहिला. मागे रांग खोळंबली. फादर लोक खाकरू लागले.

“नखं काप रं,” रेमेतबाय म्हणाल्या, आणि मग अंगठीचं चुंबन घेतलं.