शिडाच्या नावेतून सुईण आणली तेव्हा

आमचा मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडात होता तेव्हाची ही गोष्ट. धाकटा दीर मुंबईच्या गोदीत गलबतांच्या डोलकाठ्या उभारायचं काम शिकून आला आणि अमडापूरकडच्या आमच्या तलावात त्यानं शिडाची नाव घातली. सागाची उंच काठी, तिला डाव्या-उजव्या अंगानं आवळलेला एकेक दोर.

"वैनी, काठी एकटी उभी राहत नाही. वारा जिकडून येते, तिकडचा दोर तिले धरून ठेवते," तो सांगायचा. मी ऐकून घेई; नावेत पाय मात्र ठेवला नव्हता.

पावसाळ्यात त्याच्या बायकोला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. सुईण तलावापलीकडच्या वस्तीत, वाट पाण्याखाली. एकट्या पुरुषाबरोबर ती नावेत बसायची नाही, म्हणून मी निघाले. सासूबाई जावेजवळ थांबल्या.

जाताना वारा मंद होता. सुईणीला घेऊन परतताना भर तलावात वारा अंगावरच आला. दिराच्या हाती सुकाणू, शीड आवरणारा दोर माझ्या हाती. एकदम कडकड ऐकू आली. वाऱ्याकडचा दोर ज्या कडीला बांधला होता, ती कडीच लाकडातून उपटून निघत होती. काठी धनुष्यासारखी वाकली, नाव कलंडली, पाणी मांडीपर्यंत आलं.

"वैनी, तुमच्या हातातला दोर सोडा! शीड मोकळं होऊ द्या!"

ऐकू येत होतं, पण मूठ उघडेना. दोर सोडला की आपण गेलोच, असं वाटत होतं.

"सोड ना व माय, काऊन धरून बसली?" सुईण ओरडली आणि तिनं माझी बोटं ओढून उकलली.

शीड फडफडलं, काठी सरळ झाली. दिरानं वल्ह्यानं नाव फिरवून वारा दुसऱ्या अंगाला घेतला, म्हणजे भार शाबूत दोरावर आला. घरापासून लांब, पण आपल्याच काठाला, बाभळींत लागलो. चिखल तुडवत घर गाठेपर्यंत माझे दात वाजत होते.

बाळ अडलं होतं; सुईण तशीच ओल्यानं आत गेली. आतून रडणं ऐकू आलं तेव्हा दीर ओसरीवर मटकन बसला. मुलगी झाली होती. जाऊ सुखरूप होती.

पुढे त्यानं नावेच्या दोन्ही कडांना बाहेर निघालेल्या फळ्या ठोकल्या आणि दोर तिथं बांधले. "काठीले चिपकून दोर उतरला, की त्याच्यावर लई ताण येते," म्हणाला. नाव नीट चालू लागली. जाऊ तान्ह्या पोरीला घेऊन तीत बसायची. मी काठावर उभी राहून, ती उतरेपर्यंत पदर मुठीत आवळून धरायची.